आधी हेरिंग, मग बाकीचं

सँडविचला झाकण असतं हे आपण लहानपणापासून गृहीत धरलेलं असतं. दादरच्या गाडीवर सँडविचवाल्यानं वरची स्लाइस न ठेवताच प्लेट पुढे केली, तर आपण ताबडतोब विचारू, "अहो, वरचा पाव?" डॅनिश माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या स्मोरब्रॉडला वरचा पाव नसतोच. राय नावाच्या धान्याच्या काळ्या, ओलसर, चांगल्या जड पावाचा एक पातळ काप घ्यायचा, त्याला कडेपर्यंत लोणी फासायचं आणि वर जे रचायचं ते उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं रचायचं. कोळंबी, उकडलेलं अंडं, मासा, गार मटण, कांद्याच्या चकत्या, वर हिरवं काहीतरी. आणि हे हातात धरून खायचं नाही. सुरीनं कापून, काट्यानं, सावकाश.

मेलबर्नच्या लिटल बर्क स्ट्रीटवर, जिथे दोन्ही बाजूंना ट्रेकिंगचे बूट, तंबू आणि सॅक विकणारी दुकानं आहेत, तिथे वरच्या मजल्यावर 'डेन्मार्क हाऊस' आहे. इथला डॅनिश क्लब १८८९ सालचा. सोन्याच्या शोधात जगभरातून माणसं इथल्या व्हिक्टोरिया राज्यात येऊन आदळली, त्यांत डॅनिशही होते. सोनं ज्याला मिळालं त्याला मिळालं, बाकीच्यांनी पुढे क्लब काढला. नाव ठेवलं 'डॅनेब्रोग', म्हणजे त्यांच्या झेंड्याचं नाव. हा झेंडा १२१९ साली एस्टोनियातल्या एका लढाईत थेट आकाशातून पडला अशी त्यांची आख्यायिका आहे. गंमत म्हणजे आकाशातून पडलेला हाच झेंडा कागदी करून वाढदिवसाच्या केकात खोचायला त्यांना काही वाटत नाही. पवित्र आणि घरगुती यांच्यात ते फार भिंत घालत नाहीत. मला हे आवडतं.

एका डॅनिश सहकाऱ्याच्या मागे मागे मी तिथे जेवायला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं, की या उघड्या सँडविचांना नियम आहेत. टेबलावर सगळं एकदम मांडलेलं असलं तरी आधी हेरिंग. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला मासा, साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तो संपला की ताटली बदलायची, कारण हेरिंगचा वास पुढच्या घासाला लागता कामा नये. मग दुसरे मासे आणि कोळंबी. मग मांस. शेवटी चीज. उत्साहाच्या भरात हेरिंगशेजारीच डुकराच्या मटणाचा तुकडा ठेवला, तर कुणी रागावत नाही, पण समोरच्या आजोबांच्या भुवया एक सूत वर जातात. पंगतीत मीठ कुठे, चटणी कुठे, लिंबाची फोड कुठे, हे ज्याच्या आजीनं डोळे वटारून शिकवलंय त्याला या भुवया लगेच कळतात. हेरिंगबरोबर शहाजिऱ्याच्या वासाची, बर्फासारखी गार स्नॅप्स नावाची कडक दारू येते, आणि तीही आपापली प्यायची नाही. पेला उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, 'स्कोल' म्हणायचं, प्यायचं, आणि पेला ठेवण्याआधी पुन्हा एकदा डोळ्यांत बघायचं. नवख्या माणसाला हे दुसरं बघणं जड जातं. आपण एव्हाना ताटाकडे वळलेले असतो.

हेरिंगच्या वाडग्यांमध्ये एक पिवळाधमक वाडगा दिसला. चौकशी केली तर 'कारी सिल', म्हणजे करी घातलेली हेरिंग! मुरवलेल्या माशावर घट्ट पांढरा सॉस, त्यात करी पावडर, सफरचंदाचे तुकडे, उकडलेलं अंडं. हा कुणा हौशी शेफचा प्रयोग नव्हे. तो त्यांच्याकडचा घरोघरचा पदार्थ आहे, आणि करीतले मांसाचे गोळे तर डॅनिश मुलांचं आवडतं रात्रीचं जेवण. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला यांची वसाहत १६२० ते १८४५ अशी सव्वादोनशे वर्षं होती, तरी या चवीत तिचा मागमूस नाही. इंग्रजांच्या डब्यातली करी पावडरच ही. मी एक घास खाल्ला. मसाला पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला होता. पण सफरचंद आणि आंबट मासा यांचं छान जमतं, हे कबूल करायला हवं.

नावांच्या बाबतीत मात्र हे लोक अजिबात अंग चोरत नाहीत. काळ्या पावावर लिव्हरचा पाटे, त्यावर खारवलेल्या गोमांसाची चकती, वर थरथरणारी जेली आणि कांदा, याला म्हणायचं 'जनावरांच्या डॉक्टरचं रात्रीचं खाणं'. कोपनहेगनमधल्या ऑस्कर डेव्हिडसनच्या रेस्टॉरंटात एक पशुवैद्य नेहमी हेच मागवायचे, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. त्या रेस्टॉरंटची स्मोरब्रॉडची यादी प्रसिद्ध होती: १७८ प्रकार, आणि कागदाची लांबी १४० सेंटिमीटर. धुरावलेली हेरिंग, तिच्यावर कच्च्या अंड्याचा अख्खा पिवळा बलक, मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात, हे झालं 'गुडहेमवरचा सूर्य'. गुडहेम हे बॉर्नहोम बेटावरचं मासेमारीचं गाव. ते नाव वाचलं आणि ज्या गावाचा नकाशाही मी पाहिलेला नाही तिथली सकाळ ताटलीत येऊन बसली. वडापावाला आपण असं काही म्हटलं नाही याचं क्षणभर वाईट वाटलं.

जेवताना गप्पांच्या गाड्या ठरलेल्या दोन स्टेशनांवर थांबतात. पहिलं, योर्न उत्झोन. सिडनीचं ऑपेरा हाऊस या डॅनिश वास्तुकारानं आखलं; १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली, १९६६ मध्ये सरकारशी बिनसलं म्हणून निघून गेला, आणि २००८ साली वारला तोवर पुरं झालेलं ऑपेरा हाऊस पाहायला एकदाही परत आला नाही. डॅनिश माणसं हे सांगताना आवाज खाली आणतात. ऑस्ट्रेलियन माणसं विषय बदलतात. दुसरं स्टेशन आनंदाचं. टास्मानियाच्या होबार्टमधली मेरी डोनाल्डसन, २००० च्या ऑलिंपिकच्या वेळी सिडनीच्या एका पबमध्ये एका तरुणाला भेटली, तो निघाला डेन्मार्कचा युवराज, आणि जानेवारी २०२४ पासून ती तिथली राणी आहे. म्हणजे हिशेब चुकता.

मी मुंबईचा म्हटल्यावर माझ्याकडेही एक हुकमी पत्ता असतो. लार्सन अँड टुब्रोमधले लार्सन आणि टुब्रो हे दोघेही डॅनिश इंजिनिअर, सिमेंटच्या कामासाठी भारतात आलेले. १९३८ साली मुंबईत त्यांनी कंपनी काढली, आणि भागीदारीचा विचार पक्का झाला तो म्हणे माथेरानला सुट्टीवर असताना. माथेरान म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात मग एक अख्खी ताटली संपते.

डिसेंबरात या क्लबांची खरी परीक्षा असते. डॅनिश नाताळ अंधार आणि थंडी यांच्यासाठीच बनलेला आहे: कुरकुरीत कातडीचं भाजलेलं डुक्कर, साखरेच्या पाकात परतलेले बटाटे, लाल कोबी, मेणबत्त्या, झाडाभोवती हात धरून फेर. मेलबर्नमध्ये तेव्हा पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो. तरी ते सगळं तसंच्या तसं होतं, घाम पुसत. शेवटी गार दूधभातात फेटलेली साय आणि बदामाचे तुकडे घालून वर चेरीचा गरम रस. त्या अख्ख्या भांड्यात एकच सबंध बदाम लपवलेला असतो. ज्याला मिळेल त्याला बक्षीस. म्हणून मिळालेला माणूस तो गालात दाबून गप्प बसतो आणि बाकीच्यांना पोट तटतटेपर्यंत खायला लावतो. इतक्या सभ्य लोकांनी वर्षातून एकदा इतकी लबाडी करावी, हे बघून बरं वाटतं.

दोन डॅनिश भेटले की संस्था काढतात, असं ते स्वतःच स्वतःबद्दल म्हणतात. खोटं नाही. पहिली सहकारी डेअरी त्यांनी १८८२ साली येडिंग नावाच्या गावात काढली, आणि पुढे लोणी, डुक्कर, अंडी सगळं सहकारी केलं. घटना, खजिनदार, वार्षिक सभा, इतिवृत्त, यांत त्यांना रस असतो. हे सगळं आपल्याकडेही आहे. परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा आठवून पाहा. पण एक फरक मला तिथे बसल्या बसल्या डाचत राहिला. आपली मंडळं गणपतीला, दिवाळीला शाळेचा हॉल भाड्यानं घेतात, आपल्याच माणसांना आपलंच जेवण वाढतात, आणि रात्री खुर्च्या रचून, किल्ली परत करून घरी जातात. बाहेरच्या गोऱ्याला थालीपीठ खायचं असेल तर त्यानं कुणा जोशी-पाटलांशी ओळखच काढायला हवी. डॅनिश लोकांनी क्लबात रेस्टॉरंट घातलं. ज्यांना डॅनिशचं अक्षर येत नाही अशी माणसंही पैसे देऊन येतात, हेरिंग आधी खायची हे शिकून जातात, आणि त्यांच्या बिलातून क्लबाच्या खर्चाला हातभार लागतो. नातवंडांची भाषा गेलेली असली तरी ती आजीला घेऊन जेवायला येऊ शकतात; बसायला जागा आहे.

असं एखादं मराठी भोजनगृह आपल्या मंडळानं काढावं, तिथे रीतसर पान वाढावं, आणि ते कोणत्या क्रमानं खायचं हे पाहुण्याला समजावून सांगावं, हा विचार मी परतीच्या ट्राममध्ये बराच रंगवला. फ्लिंडर्स स्ट्रीट येईपर्यंत मेनूही ठरला होता. मग पहिल्या भाताचा प्रश्न आला. वरण-भातानं सुरुवात की भाकरी आधी? कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्या रश्शाला कितव्या क्रमांकावर बसवणार? गोड पानात आधीपासून, की शेवटी? मागचा भात ठेवायचा की नाही? यावर कार्यकारिणीची बैठक लागलीच तर निदान दोन मंडळं होणार हे नक्की, आणि मालवणी लोक बहुधा तिसरं काढतील.