क्युसेक आणि पायरी

नाशिकमध्ये गोदाकाठच्या एका वस्तीत पूरसज्जतेचे काम करायचे ठरले, तेव्हा मी महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही होतो. नकाशे काढणे हा माझा विषय होता, स्वयंसेवक हाताशी होते आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पूर लोक अद्याप विसरले नव्हते. त्यामुळे काम दोन महिन्यांत मार्गी लागेल, अशी माझी समजूत होती.

पहिल्या भेटीत आम्ही तीन पानी प्रश्नावली नेली आणि दुसऱ्या भेटीत दोरखंड व स्ट्रेचर घेऊन प्रात्यक्षिक केले. छायाचित्रे उत्तम आली. प्रात्यक्षिक संपल्यावर ओट्यावर बसलेल्या एका मावशींनी मला थांबवून म्हटले, "सर, पाणी येणार हे आम्हाला कळतं. माझ्या घरात किती येणार, ते सांगा." याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की मोबाईलवर क्युसेकचे आकडे फिरू लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण घरातील गॅसचा सिलिंडर केव्हा हलवायचा, हे त्या आकड्यावरून मलाही ठरवता आले नसते. नाशिककरांचे माप निराळे आहे: नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. तेव्हा विसर्गाचा आकडा, मारुतीची खूण आणि या गल्लीची पायरी यांचा मेळ घालायचा, असे आम्ही ठरवले.

नदीकडून गल्लीत चढणाऱ्या पायऱ्यांना आम्ही क्रमांक दिले. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या पुरांच्या खुणा लोकांनी भिंतींवर दाखवल्या, काही ठिकाणी शेजाऱ्याशी वाद घालून. त्यांची उंची मोजण्यासाठी महाविद्यालयातील लेव्हलचे यंत्र मागितले, तर त्याच्या परवानगीचा कागद तीन टेबलांवर फिरून परत आला. अखेर वस्तीतील एका गवंडीकाकांनी आपली पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरले, एक टोक खुणेशी धरले आणि दुसरे पायरीपाशी नेले. दोन्ही टोकांचे पाणी स्थिरावले की समपातळी मिळते. एका दुपारी साऱ्या गल्लीची उंची वहीत उतरली, आणि माझ्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचा त्या वर्षातील सर्वांत चांगला धडा मिळाला.

पहिल्या पावसाळ्यात आमचा तक्ता चुकला. धरणाच्या विसर्गावरून आम्ही दुसरी पायरी सांगितली आणि पाणी चौथीवर आले. कारण उघड होते, तरी माझ्याकडून सुटले होते: धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि नाल्यांचे पाणी विसर्गाच्या आकड्यात धरलेले नसते, आणि वस्ती रामकुंडाच्या खालच्या अंगाला असल्याने पंचवटीतून येऊन गोदावरीला मिळणारी वाघाडी नदीही हिशेबात घ्यायला हवी होती. त्यानंतर आम्ही होळकर पुलापाशी मोजला जाणारा प्रवाह आधाराला घेतला आणि वाघाडीवर नजर ठेवण्यासाठी वेगळा माणूस नेमला.

पाण्यापेक्षा जास्त त्रास मात्र शैक्षणिक वेळापत्रकाने दिला. सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. पण नवी नोंदणी पूर्ण होईपर्यंत निम्मा पावसाळा उलटलेला असतो आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हिवाळ्यात, नदी शांत असताना होते. शिवाय दोन वर्षांनी स्वयंसेवक बदलतात, म्हणजे तक्ता ज्यांना वाचता येतो तेच निघून जातात. विद्यापीठांना अशा वस्त्यांसाठी खरोखर काही करायचे असेल, तर जून ते सप्टेंबर हे चार महिने या कामाला जोडून द्यावेत आणि त्याचे गुण द्यावेत, असे मी अहवालात लिहिले. अहवालाची पोच आली.

दरम्यान आम्ही वही वस्तीतील अंगणवाडीत ठेवली. कोणाच्या घरी न चालणारी आजी आहे, कोणाचा माळा भक्कम आहे, आधी कोणाला उठवायचे, हे तिच्या मागच्या पानांवर बायकांनीच लिहून घेतले. गेल्या पावसाळ्यातील पहिली नोंद आमच्या स्वयंसेवकाची नव्हती. दहावीतल्या एका मुलीच्या गोल अक्षरात तिथे वेळ, पुलाचा आकडा आणि पायरीचा क्रमांक होता, आणि समासात लिहिले होते: "मारुती गुडघे. वाघाडी गढूळ. सिलिंडर वर ठेवले."