चाळिशीत होपाक

युक्रेनी लोकनृत्य, त्यातही होपाक हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नृत्य, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल बूट, शारोवारी म्हणजे घोळदार विजारी आणि उकिडवे बसून पाय झाडणारे तरुण येतात. प्रत्यक्ष शिकायला गेल्यावर यातले काहीच लवकर वाट्याला येत नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये माझी मुलगी लहान मुलांच्या वर्गात आणि मी प्रौढ नवशिक्यांच्या वर्गात हे नृत्य शिकतो आहोत, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. वयानुसार तोच अभ्यासक्रम भरभर किंवा सावकाश शिकवला जातो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पाच वर्षांचे मूल, पंधरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतली बाई या नृत्यातल्या तीन निरनिराळ्या गोष्टी शिकत असतात.

कुणालाही वर्गात उभे राहू देण्याची ही रीत कॅनडात रुजवली ती वासिल अव्रामेंको यांनी. युक्रेनी लोकनृत्याची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या वासिल वेर्खोविनेत्स यांच्याकडून त्यांनी धडे घेतले होते. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमधल्या कालिश येथील छावणीत नजरकैदेत असलेल्या युक्रेनी सैनिकांना ते नृत्य शिकवत, आणि १९२५ च्या अखेरीस कॅनडात आल्यावर त्यांनी ठिकठिकाणच्या युक्रेनी सभागृहांत शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना ठरावीक नृत्ये बसवून दिली. दुसरा प्रवाह कीव्हचा आहे. तिथे १९३७ मध्ये पावलो विर्स्की आणि मिकोला बोलोतोव्ह यांनी सरकारी नृत्यसमूह उभा केला आणि लोकनृत्याला बॅलेची शिस्त लावली. आमच्या वर्गात हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात: प्रवेशाला अट कसलीही नाही, पण सुरुवात भिंतीलगतचा दांडा धरून बॅलेच्या प्लिएने, म्हणजे गुडघे वाकवण्याच्या सरावानेच होते.

लहान मुले प्रथम वर्तुळ शिकतात. हात धरायचे, शेजाऱ्याला न ओढता वर्तुळ गोल ठेवायचे आणि ताल संपताना एकदम पाय आपटायचा, एवढ्यावर कितीतरी आठवडे जातात. त्यानंतर येतो बिहुनेत्स, म्हणजे दोन मात्रांत तीन पावले: पहिले किंचित उडी घेतल्यासारखे लांब, पुढची दोन छोटी, आणि हे चालू असताना डोके मात्र वरखाली हिंदकळता कामा नये. मुलांना हे पाऊल समजावून सांगावे लागत नाही, ती धावता धावता त्यात शिरतात. हात मात्र त्यांना आठवणीने ठेवावे लागतात, आणि घरी मी सराव करू लागले की माझी मुलगी नेमके तेच मला ऐकवते: “आई, कमरेवर हात म्हणजे पोटावर नाही. अंगठा मागे, बोटे पुढे.”

किशोरवयात मुलामुलींच्या वाटा बऱ्याच वेगळ्या होतात. मुली सभागृहाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गिरक्या घेत जातात, आणि मुले प्रिस्यादका, म्हणजे बैठकांचे प्रकार आणि उड्या शिकतात. आमच्या शिक्षिका वाढीच्या वयातल्या मुलांना खोल बैठका मोजक्याच करू देतात. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का आणि पाठ ताठ आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या पुढचा प्रकार देत नाहीत. बैठकीची गंमत खाली बसण्यात असते असे पाहणाऱ्याला वाटते, खरी ताकद मात्र दर वेळी तालावर वर येण्यात लागते. या वयातली मुले एकमेकांशी चुरस करत शिकतात, आणि होपाकाच्या शेवटी एकेकाने पुढे येऊन करामत दाखवायची असते, त्यामुळे ही चुरस नृत्याच्या रचनेतच बसवलेली आहे.

प्रौढांच्या वर्गात अडचण गुडघ्यांची असेल असे मी धरून चालले होते. गुडघे कुरकुरतात हे खरेच, पण त्याहून जास्त आड येते ते शरीराने आधी शिकून ठेवलेले. मी लहानपणी पुण्यात कथक शिकले. कथकची चक्कर टाचेवर फिरते. इथली गिरकी चवड्यावर, टाच उचलून घ्यायची असते. कथकमध्ये तळपाय सपाट पडून नाद उमटला पाहिजे, तर इथे बिहुनेत्स करताना पाय जमिनीला लागला की नाही अशी शंका यावी, इतके हलके राहावे लागते. तालाचा मात्र मला उपयोग झाला, कारण मात्रा मोजण्याची सवय मोडत नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी पूर्वी कधीच नृत्य केलेले नव्हते, आणि विखिल्यास्निक त्यांना माझ्याआधी जमला. पायाची बोटे आत वळवून टेकवायची, मग टाच बाहेरच्या बाजूला टेकवायची आणि त्याच वेळी दुसऱ्या पायावर छोटी उडी घ्यायची, असे ते पाऊल आहे. शिक्षिका “श्चे रझ” म्हणतात, म्हणजे पुन्हा एकदा, आणि सगळी रांग पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहते.

पातळी ठरवणे इथे तसे अवघडच आहे. कॅनडात युक्रेनी वंशाचे १२ लाखांहून अधिक लोक आहेत आणि अनेकांची ही तिसरी-चौथी पिढी. त्यांना युक्रेनी भाषा फारशी येत नाही, पण पावलांची नावे तोंडपाठ असतात. उलट २०२२ नंतर युद्धामुळे युक्रेनहून आलेल्या कुटुंबांतल्या काही मुलांना भाषा अस्खलित येते, पण बिहुनेत्स ती इथेच पहिल्यांदा शिकतात. लग्नात किंवा जानेवारीतल्या मालांकाच्या, म्हणजे जुन्या पंचांगानुसार नववर्षाच्या मेजवानीत कोलोमिय्का हे वर्तुळातले सामूहिक नृत्य सुरू झाले की ही सगळी वर्गवारी विस्कटते. मोठे वर्तुळ होते आणि ज्याला वाटेल तो मध्ये जातो: शुमकासारख्या नामांकित समूहातला नर्तक उंच उडी मारून बाहेर पडला की लगेच एखादी आजी नातवाचा हात धरून आत येते आणि दोन फेऱ्या मारून जाते. टाळ्या दोघांनाही तितक्याच पडतात, आणि मला यात उपकाराचा भाव दिसत नाही, कारण वर्तुळ सांभाळणे हेच या नृत्याचे पहिले काम आहे आणि आजींना ते येते.

नव्याने येऊ पाहणाऱ्या प्रौढांनी एवढे जाणून असावे की लाल बुटांचा खर्च पहिल्याच हंगामात करण्याची गरज नसते, बॅलेच्या मऊ चपला पुरतात. आमच्या गटाला यंदा मध्य युक्रेनची पोल्तावा शैली होती. पुढच्या हंगामात कार्पेथियन डोंगरातली हुत्सुल शैली आहे, जिच्यात पावले लहान, जमिनीलगतची आणि फार वेगवान असतात, त्यामुळे उड्या कमी असल्या तरी दम अधिक लागणार, असे जुन्या विद्यार्थिनींनी आम्हाला आधीच बजावून ठेवले आहे.