गोठ्याच्या जागी आई-अप्पांचं घर

२०२२च्या गणपतीत अप्पा पाखाडीवर, म्हणजे घराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, घसरून पडले. माझं माहेर लांज्याच्या आतल्या बाजूला. एसटी वर रस्त्यावर सोडते आणि तिथून घरापर्यंत जांभ्याच्या ६४ पायऱ्या खाली उतरतात. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं, आणि अप्पांचं वय ७८. खुब्याचं हाड मोडलं. वाडीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची बांबूंना बांधली आणि खांद्यावर घेऊन वर आणली. मी तेव्हा दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या माझ्या सासरी होते. फोन आल्यावर मिळेल त्या गाडीनं निघाले, तरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

ऑपरेशननंतर दोन महिने मी माहेरी राहिले. आम्ही दोघी बहिणीच, धाकटी पुण्यात चौथ्या मजल्यावर. ‘माझ्याकडे चला’ म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं, “लेकीच्या घरी किती दिवस राह्यचं गो?” अप्पा काही बोलत नसत, पण भिंतीकडे तोंड करून झोपत. ४० वर्षं शाळा शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात पाणी मागून प्यायचं नव्हतं.

वाट दाखवली सासूबाईंनी. आमच्या मागीलदारी, विहिरीच्या पलीकडे गोठा होता. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्याचं छप्पर उडालं आणि पोफळी आडव्या झाल्या त्या भिंतींवरच. पुढे गुरं विकली. जोतं तेवढं राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “त्यांना त्यांची चूल हवी. मग बांधा की तिथे दोन खोल्या. हाक मारली तर ऐकू येईल.” सासरच्या जमिनीत माहेरच्या माणसांसाठी घर, ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली नसती. त्यांनी ती भाजी निवडता निवडता सांगून टाकली.

कागदांना मात्र चार महिने लागले, आणि ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी तयारी तिथूनच करावी असं मला वाटतं. सातबारा सामाईक, त्यावर नऊ नावं. त्यातले एक चुलत सासरे वारलेले आणि त्यांच्या मुलांची वारस नोंद झालेलीच नाही. आधी ती नोंद, मग फेरफाराची १५ दिवसांची नोटीस, मग सगळ्यांची संमतीपत्रं. मुंबईचे एक चुलतदीर फोनवर स्पष्टच म्हणाले, “उद्या तुमचे आईवडील गेले की त्या घरावर हक्क कोणाचा?” मला ते लागलं, पण प्रश्न खरा होता. संमतीपत्रात आम्ही लिहून दिलं की घर माझ्या नवऱ्याच्या हिश्शात धरावं आणि वाटपाच्या वेळी तेवढी जागा त्याच्या वाट्यातून वजा व्हावी. त्यावर त्यांनी सही केली, आणि वास्तुशांतीला तेच सगळ्यात आधी आले.

दुसरा प्रश्न समुद्राचा. गावाकडे बरेच जण ‘आपल्याच वाडीत बांधतोय, कोण विचारतो’ म्हणून पाया खणतात आणि नंतर नोटीस हातात घेऊन फिरतात. किनारा नियमनात (सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे सरकारी नियम) उच्चतम भरती रेषेपासूनचं अंतर मोजतात. गावांच्या किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंतच्या ना-विकास पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही, तिथे असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा तेवढ्याच जोत्यावर पुनर्बांधणी होते. त्या पुढे ५०० मीटरपर्यंत स्थानिकांना राहण्यासाठी घर बांधता येतं, पण उंची ९ मीटरच्या आत आणि तळमजला अधिक एक मजला एवढंच. (२०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हा पट्टा ५० मीटरवर आणला आहे, आमचं गाव तेवढं दाट नाही.) गोठा भरती रेषेपासून साधारण साडेतीनशे मीटरवर निघाला. स्वतः राहण्याचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक प्राधिकरणच ते नियमांत बसतं का हे तपासून निर्णय घेतं, हीसुद्धा २०१९चीच तरतूद. जमीन गावठाणाला लागून होती, त्यामुळे जमीन महसूल संहितेच्या ४२-ड कलमाखाली रूपांतर कर भरून ती घरासाठी वापरायची सनद मिळाली. माझ्या नवऱ्यानं या सगळ्याची एक फाइल केली होती आणि प्रत्येक कागदाच्या पोचपावतीवर तारीख घालून घेत होता. तीन वेळा तीच फाइल कामी आली.

४२० चौरस फुटांचा नकाशा झाला: एक झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे पडवी. इंजिनिअरनं कागदावर छान काढून दिला होता. आमचे गवंडी म्हणाले, “वहिनी, आधी जमिनीवर मारूया. मास्तरांना चालू दे त्यात.” डिसेंबरात आई-अप्पा चार दिवस राहायला आले होते. गवंड्यांनी फक्कीनं वाडीत आख्खं घर आखलं, दारं मोकळी सोडली, पलंगाच्या जागी खाट ठेवली. अप्पा वॉकर घेऊन पडवीतून शिरले, खोलीत गेले, न्हाणीघराच्या दारात आले आणि थांबले. वॉकरचा पाय फक्कीच्या रेघेवर पडला होता. दार अडीच फुटांचं. आत गेले तर वळता येईना. मागे सरकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथल्या तिथे दार तीन फुटांचं झालं आणि स्वयंपाकघरातून दीड फूट जागा न्हाणीघराला गेली. कमोडच्या कोणत्या बाजूला दांडी हवी, पलंगावरून उठताना हात कुठे जातो, दिव्याचं बटण त्या हाताशी कसं येईल, हे सगळं त्या एका सकाळी ठरलं.

मग उताराचं गणित. आमच्याकडे जोतं दोन फूट तरी घेतात, पाऊसच तसा असतो. पण चाकाची खुर्ची किंवा वॉकर चढायचा तर एक फूट उंचीला १२ फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांना २४ फूट होतात, म्हणजे विहिरीच्या पाळीपर्यंत. शेवटी जोतं दीड फूट ठेवलं, पाणी वाहून जायला चारी बाजूंनी चर काढला आणि १८ फुटांचा उतार पडवीच्या कडेनं नेला. पडवीचं छप्पर त्याच्यावर ओढून घेतलं, कारण उघड्या उतारावर आषाढात शेवाळ आलं असतं आणि आम्ही पाखाडीच परत बांधून ठेवली असती. ओल्या सिमेंटवर गवंड्यांनी काथ्याची दोरी दाबून आडव्या खाचा पाडल्या. अजूनही त्यावर हात फिरवला की दोरीचा पीळ लागतो.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते उंबऱ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात कुठेही उंबरा नको. आई म्हणाली, “उंबऱ्याशिवाय घर कसलं? हळदकुंकू कुठे वाहू?” दोन दिवस ती त्यावर काही बोलली नाही, म्हणजे तिचं मन दुखावलं होतं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, गोठ्याचा एक जुना फणसाचा वासा शाबूत आहे. त्यातून चार इंच रुंद पट्टी काढून त्यानं ती दारात फरशीच्या पातळीला बसवली, जराही वर नाही. वॉकर तिच्यावरून सहज जातो आणि आई रोज सकाळी तिच्यावर दोन बोटं ओढते. पिवळ्या-तांबड्या रेघांखालचा फणसाचा रंग आता आणखी गडद झालाय.

बांधकाम फेब्रुवारीत सुरू झालं. जांभ्याचे चिरे दापोलीच्या बाजूच्या खाणीतून आले. वाळूच्या पहिल्याच गाडीला गवंड्यांनी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकली. खारट होती, खाडीची. पुरवठादार म्हणत होता, धुऊन घ्या. पण खारी वाळू आतल्या सळया खाते, आणि समुद्राकाठी वरून खारा वारा खातोच. गाडी परत गेली, आठ दिवस काम थांबलं, आगाऊ दिलेले पैसे अर्धेच मिळाले. मग दगड भरडून केलेली वाळू आणली. शोषखड्डा विहिरीपासून ५० फूट लांब न्यायचा तर फणस आडवा येत होता. फणस तोडायला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली असती तरी तो तोडायची माझी इच्छा नव्हती. खड्डाच दुसऱ्या कोपऱ्यात गेला, पाइप लांबला.

छपराला मंगलोरी कौलंच घातली. स्लॅब घाला, वादळात उडत नाही, असं सगळे म्हणाले. पण एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली दुपार काढणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. निसर्ग वादळातून शिकून कडेच्या आणि पागोळीच्या ओळी तारेनं बांधून सिमेंटात बसवल्या. मृग लागला तेव्हा मागची बाजू उघडीच होती आणि माझी झोप उडाली होती. त्या वर्षी, २०२३ला, बिपरजॉय वादळात पाऊस रखडला आणि आम्हाला दोन आठवडे जास्तीचे मिळाले. शेवटचं कोनाकौल बसलं त्याच रात्री सर आली.

सगळा खर्च नऊ लाखांच्या आसपास गेला. त्यातले तीन अप्पांनी त्यांच्या ठेवीतून दिले, मी नको म्हटल्यावर वर्गात असायचा त्या आवाजात म्हणाले, “माझं घर आहे ना? मग मी पैसे देणार.” विजेचं मीटर वेगळं घेतलं तेही त्यांच्याच आग्रहानं. बिल आलं की ते चष्मा लावून आकडे तपासतात आणि माझ्या मुलाकडे पैसे देऊन भरायला पाठवतात.

चुका झाल्याच. न्हाणीघरातली पहिली दांडी दुकानदारानं स्टीलची म्हणून दिली, आणि पाच-सहा महिन्यांत स्क्रूच्या भोवती गंज आला. आता ३१६ नंबरच्या स्टीलची बसवली आहे, खाऱ्या हवेला तीच टिकते. दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती: पडवीचं तोंड नैर्ऋत्येला. पहिल्या पावसाळ्यात झड थेट आत येऊन उतार भिजला. आता मे संपता संपता सासूबाई आणि आई दोघी मिळून झावळ्यांचे झाप विणतात आणि पडवीच्या त्या बाजूला बांधतात. दोघींच्या विणायच्या पद्धती वेगळ्या, लांज्याची एक आणि दापोलीची एक. दरवर्षी त्यावरून थोडी वादावादी होते.

माझ्या मागच्या दारापासून त्यांच्या उतारापर्यंत २२ पावलं आहेत. पहाटे पाचला त्यांच्या न्हाणीघरातला दिवा लागतो आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याचा उजेड पडतो. मी त्याची वाट बघत असते. दिवा लागला की चहाचं आधण ठेवते, आमच्या घरचं. त्यांचं तिकडे आई ठेवते.