२०१३ च्या मायक्रोसर्व्हरमध्ये एनव्हीएमई एसएसडी बसवली, त्याचा अनुभव

आमच्या डोंबिवलीच्या घरात चपलांच्या कपाटावर एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ आहे. हे मॉडेल २०१३ साली आलं. माझ्याकडे आला तो सेकंडहँड, चार वर्षांनी. आकार मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा, पुढे दार, दारामागे चार डिस्कचे कप्पे. आत सेलेरॉन जी१६१०टी प्रोसेसर, दोन कोअरचा. रॅम मी १६ जीबी केली, त्याहून जास्त त्यात बसतच नाही. चारही कप्प्यांत साध्या फिरत्या डिस्क, दोन-दोनच्या आरशात, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच मजकूर.

त्यावर आमच्या घराचा सव्वा लाख फोटोंचा संग्रह आहे. बाबांनी निवृत्तीनंतर एकेक करून स्कॅन केलेले अल्बम आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने कॅसेटवर घेतल्या होत्या, त्यांच्या उतरवून घेतलेल्या फाइली आहेत. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या मशीनवर ठेवायला माझं मन होत नाही, म्हणून हा सर्व्हर.

दिवाळीनंतर आईचा कराडहून फोन आला. "अरे, फोटो उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. सीमाच्या साखरपुड्याचे दाखवायचे होते काकूंना, त्या उठून गेल्या."

मला ते लागलं. त्याच रात्री सर्व्हरवर डिस्कचं काम मोजणारं आयओस्टॅट लावून बसलो. प्रोसेसर निवांत होता, नेटवर्क रिकामं होतं, पण डिस्कच्या ओळीत एकेका विनंतीला शंभर-शंभर, कधी दोनशे मिलिसेकंद लागत होते. फोटोंसाठी मी इमिच वापरतो, आपल्याच सर्व्हरवर चालणारा फोटो-संग्रहाचा प्रोग्राम. त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस, लाखो थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती), ऑपरेटिंग सिस्टिम आणि मूळ फोटो, सगळं त्याच दोन डिस्कच्या आरशावर होतं.

डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७. त्याआधी हेड योग्य वाटेवर जायला आणखी आठ-नऊ. एका वाचनाला साधारण १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचनं होतात. आई बोटाने एकदा पडदा सरकवते तेव्हा साठ-सत्तर थंबनेल मागितल्या जातात, आणि त्याच वेळी डेटाबेसची वाचनं चालू असतात. बिचारी डिस्क धावून धावून किती धावणार! मोठी फाइल ती आजही सेकंदाला दीडशे एमबीने देते. तिची दमछाक होते ती या टोकाहून त्या टोकाला पळण्यात.

म्हणून ठरवलं की मूळ फोटो आहेत तिथेच राहू देत. सिस्टिम, डेटाबेस आणि थंबनेल एसएसडीवर, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर न्यायचे.

या मशीनमध्ये बरेच जण ऑप्टिकल ड्राइव्हच्या साटा पोर्टवर (साटा ही डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) अडीच इंची एसएसडी लावतात. पोर्ट ३ गिगाबिटचा आहे, आणि आमच्यासारख्या कामाला तेवढा खरोखर पुरतो. ज्याचा तो पोर्ट मोकळा असेल त्याने आधी तोच पर्याय बघावा, असं मी मनापासून सांगेन. माझ्याकडे तिथे रात्रीच्या बॅकअपची डिस्क होती आणि ती हलवायची नव्हती. राहिला एकच स्लॉट, पीसीआय एक्सप्रेसचा. लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटाची एक वाट), पण पिढी २.० ची आणि उंचीला लो प्रोफाइल, म्हणजे बुटका. साटाऐवजी या पीसीआय एक्सप्रेसवरून बोलणारी एसएसडी म्हणजेच एनव्हीएमई.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. जाण्याआधी थोडं वाचलं होतं आणि मनात एक स्वप्न तयार झालं होतं: एका कार्डावर दोन एम डॉट टू एसएसडी, दोघींचा आरसा, एक गेली तरी दुसरी उभी. दुकानात तसं कार्ड मिळालं, स्वस्तही होतं. काउंटरवरच्या मुलाने मात्र विचारलं, "साहेब, बोर्डात बायफर्केशन आहे ना?" मी हो म्हणालो. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा पुरता कळलेला नव्हता.

घरी आल्यावर कळला. एका स्लॉटच्या १६ लेन म्हणजे एकच रुंद रस्ता. त्यावर दोन स्वतंत्र उपकरणं चालवायची तर बायोसने, म्हणजे मशीन चालू होताना बोर्डावर आधी चालणाऱ्या प्रोग्रामने, तो रस्ता चार-चार लेनमध्ये वाटून द्यावा लागतो. स्वस्त कार्डावर वाटणी करणारं काहीच नसतं, नुसत्या तांब्याच्या वाटा असतात. जेन८ च्या बायोसमध्ये ही वाटणी करायची सोयच नाही, त्यामुळे दोनपैकी एकच एसएसडी दिसली. स्वतःची स्विच चिप असलेली कार्डं मिळतात. ती जुन्या बोर्डातही दोन-चार एसएसडी दाखवतात, कारण वाटणी कार्डावरच होते. पण त्यांची किंमत ऐकून मी थांबलो, शिवाय ती चिप तापते वेगळीच. पुढच्या शनिवारी त्याच दुकानातून एका एसएसडीचं साधं कार्ड ४५० रुपयांना आणलं. आरशाऐवजी रोज रात्री डेटाबेसची प्रत फिरत्या डिस्कवर, हा मार्ग धरला. घरच्या फोटोंसाठी एका दिवसाचा डेटाबेस गेला तर पुन्हा उभा करता येतो. मूळ फोटो तर आरशात आहेतच.

एसएसडी घेताना एक गोष्ट नीट बघावी. एम डॉट टू हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटाच्या एसएसडीही येतात, त्या अशा कार्डावर अजिबात दिसत नाहीत. बहुतेक साटावाल्यांच्या सोनेरी कडेला दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. तरीही खाचांवर न जाता खोक्यावर एनव्हीएमई हा शब्द वाचूनच घ्यावी. लांबी २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. मी ५०० जीबीची घेतली.

बसवायला रविवारची दुपार धरली. कार्डाला उंच पट्टी लावलेली होती, छोटी पट्टी पिशवीत वेगळी होती. दोन बारीक स्क्रू काढून ती बदलली. बोर्डाचा ट्रे सरकवण्याआधी प्रत्येक केबल कुठे जाते याचे मोबाइलवर फोटो काढले. चारही डिस्कची मिळून एकच जाड केबल येते, तिची क्लिप दाबून ओढायची असते. नुसती ओढली तर कनेक्टरच हातात यायचा. आत आठ वर्षांची धूळ होती. ती ब्रशने काढली, स्लॉटही झटकला.

मशीन चालू केलं. लिनक्सने एसएसडी लगेच ओळखली. एनव्हीएमईचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०१२ पासून, म्हणजे ३.३ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे ती चिंता नव्हती. पण वेग मोजला तर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास. साटाच्या एसएसडीपेक्षाही कमी! एलएसपीसीआय या कमांडने कार्डाची सविस्तर माहिती काढली. तिथे दोन ओळी महत्त्वाच्या असतात: कार्डाची कुवत काय, आणि प्रत्यक्षात जुळलं काय. कुवतीच्या ओळीत चार लेन होत्या, जुळलेल्या ओळीत एक. मशीन बंद करून कार्ड बाहेर काढलं. सोनेरी बोटं उजेडात धरली तर एका कडेला पुसट राखाडी पट्टा दिसला. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं, वाळू दिलं आणि या वेळी 'टक्' होईपर्यंत सरळ दाबून बसवलं. चार लेन मिळाल्या, वेग १,६०० च्या वर गेला.

हीच एसएसडी नव्या मशीनमध्ये तीन हजारांच्या पुढे जाते. पीसीआय एक्सप्रेस २.० च्या एका लेनमधून सेकंदाला ५०० एमबी जातात, चारांच्या मिळून २,००० होतात, आणि त्यातलं थोडं व्यवहारात जातं. अर्धा वेग वाया गेला, असं मित्र म्हणाला. मला तसं वाटत नाही. सर्व्हरचं नेटवर्क एक गिगाबिटचं, त्यातून सेकंदाला ११० एमबीच बाहेर पडतात. मला हवं होतं ते वाचनाला लागणारा वेळ १३ मिलिसेकंदांवरून एका मिलिसेकंदाच्या अंशावर येणं, आणि ते जुन्या स्लॉटमध्येही पुरेपूर मिळतं.

खरी अडचण बूटची होती. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) एसएसडीवर घातलं, सगळं विनातक्रार पार पडलं, रीस्टार्ट केलं, तर बूट करण्याजोगी डिस्क नाही म्हणून मशीन थांबलं. लिनक्सला एसएसडी दिसते, पण लिनक्स चालू होण्याआधी सूत्रं बायोसच्या हाती असतात, आणि त्याला एनव्हीएमई माहीतच नाही. या पिढीत यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, नाही, त्यामुळे तिथे करण्यासारखंही काही नाही.

उपाय तसा साधा आहे. बोर्डावरच मायक्रोएसडीचा एक स्लॉट आहे आणि तो बायोसला यूएसबीसारखा दिसतो. त्यात ३२ जीबीचं कार्ड घातलं, बूटचं विभाजन आणि ग्रब (कर्नेल उचलून चालू करणारा छोटा प्रोग्राम) त्यावर ठेवलं, बाकी सगळी सिस्टिम एसएसडीवर. बायोस मायक्रोएसडीवरून ग्रब उचलतो, ग्रब कर्नेल उचलतो, आणि कर्नेल जागा झाला की तो एसएसडी पाहतो आणि पुढचं सगळं तिथून चालतं. मायक्रोएसडीचं काम सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटापुरतं.

यात मी एक चूक केली आणि ती तीन आठवड्यांनी वर आली. माउंटच्या यादीत, म्हणजे सुरू होताना कुठलं विभाजन कुठे जोडायचं त्या यादीत, बूटच्या विभाजनापुढे मी 'नोफेल' लिहिलं होतं, म्हणजे कार्ड दिसलं नाही तरी मशीन अडू नये. एका रीस्टार्टला ते कार्ड खरंच माउंट झालं नाही आणि मला काहीच कळलं नाही. त्यानंतरचं कर्नेलचं अपडेट एसएसडीवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं, आणि साफसफाईत जुन्या कर्नेलची मॉड्युल्स, म्हणजे लागतील तसे जोडायचे त्याचे भाग, उडाली. पुढच्या वेळी मायक्रोएसडीवरचा जुना कर्नेल उठला, त्याला त्याची मॉड्युल्स सापडेनात, आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारी सोय) काही केल्या चालू होईना. रात्री दीडपर्यंत मी डॉकरमध्येच दोष शोधत होतो. शेवटी चालू असलेल्या कर्नेलचा क्रमांक आणि मॉड्युल्सच्या फोल्डरचं नाव एकाखाली एक ठेवून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. 'नोफेल' काढून टाकलं. बूट माउंट झालं नाही तर मशीनने अडावं, ओरडावं, हेच बरं.

डेटा हलवणं त्या मानाने सोपं गेलं. इमिच थांबवलं, पोस्टग्रेसचा पूर्ण डंप घेतला, एसएसडीवर नवा डेटाबेस उभा करून त्यात भरला. थंबनेलचं फोल्डर आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामने नेलं. लाखो बारक्या फाइली, त्यामुळे जुन्या डिस्कवरून उचलायलाच जवळजवळ पाच तास गेले. डिस्कची ती अखंड कटकट ऐकताना वाटत होतं, एवढं काम ही रोज करत होती. आठवड्यातून एकदा ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवण्याचं काम, चालण्याचा टाइमर लावला.

त्याच रात्री बायकोच्या मोबाइलवर संग्रह उघडला. बोट फिरवलं की फोटो तिथे हजर. तिने वर्षांची पट्टी सरळ २००९ वर नेली आणि मुलाच्या बारशाचे फोटो उघडले. आम्ही दोघं अर्धा तास तेच बघत बसलो.

मे महिन्यात उष्णतेने परीक्षा घेतली. चपलांच्या कपाटाचा कोपरा दुपारी ३६ अंशांना जातो. एसएसडीचं तापमान एरवी ५८ आणि बॅकअपच्या वेळी ७४ दिसू लागलं. कार्ड असतं तिथे हवा कमी फिरते, मागचा एकच मोठा पंखा सगळं बघतो. पातळ थर्मल पॅड आणि बुटका ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावला. उंच लावू नका, शेजारच्या पत्र्याला टेकतो. बॅकअपची वेळ संध्याकाळी सातवरून पहाटे चारवर नेली. आता ६२ च्या वर जात नाही. सर्व्हर आधीपासून यूपीएसवर होताच, पण त्याची बॅटरी याच वेळी बदलून घेतली. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर नसतात, आणि डेटाबेस आता तिच्यावर आहे. फिरती डिस्क जाण्याआधी बहुधा कुरकुरते, आवाज बदलते. एसएसडी न सांगता जाऊ शकते. म्हणून रात्रीची प्रत झाली नाही तर सकाळी मला मेल येतो.

जूनमध्ये आईचा फोन आला. फोटोंबद्दल ती काही बोलली नाही, पावसाचं बोलली. मीच विचारलं. "ते होय, आता दिसतात की पटकन. आजीच्या ओव्या पण लागल्या. काकूंना ऐकवल्या, त्या पाठ म्हणायला लागल्या बरोबर."

गेल्या आठवड्यात मायक्रोएसडीची हुबेहूब दुसरी प्रत केली आणि त्यावरून मशीन एकदा चालू करून पाहिलं. ती प्रत छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावली आहे. शेजारी वहीचा एक कागद, मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेला: मशीन या छोट्या कार्डावरून सुरू होतं, सिस्टिम एसएसडीवर आहे, फोटो चार डिस्कवर आहेत, रोजची प्रत वरच्या डिस्कवर आहे, डिस्कचा क्रम बदलू नये. मी घरी नसताना काही झालं तर बायकोला किंवा भावाला तो वाचता यावा म्हणून तिला एकदा दार उघडून दाखवलं. तिने वाचलं, आणि कागदावर खाली यूपीएसचं बटण कुठे आहे तेही लिहून घेतलं.