सातबाऱ्यावर हिचं नाव परत आणलं, त्या नऊ महिन्यांचा अनुभव

जून २०२२ मध्ये घराच्या कर्जासाठी बँकेत कागद दिले. तिसऱ्या दिवशी बँकेच्या वकिलांचा फोन आला. "खरेदीखतात दोन नावं आहेत, सातबाऱ्यावर एकच कसं?"

मी म्हटलं, असं होणार नाही. तरी गेलो. त्यांनी छापील सातबारा समोर ठेवला. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात त्याच्या रकान्यात माझं नाव होतं, हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नव्हतं. प्लॉट आम्ही २००५ साली दोघांच्या नावावर घेतला होता. दोन गुंठे, बिनशेती झालेला, गावाच्या कडेला. खरेदीखतावर दोघांच्या सह्या, दोघांचे अंगठे, दोघांचे फोटो. त्यानंतरचा हाताने लिहिलेला सातबारा मी स्वतः तलाठ्यांकडून आणला होता आणि त्यावर दोन्ही नावं वाचली होती. मग ही चूक कधी झाली?

ती संगणकावर नोंदी चढवताना झाली. हाताने लिहिलेल्या पानावरून एक नाव चढलं, दुसरं राहिलं. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं होतं. संगणकावरचा सातबारा लोकांना वाचून दाखवायचा आणि चुका असतील तर सांगायच्या, हाच त्याचा हेतू. त्या दिवसांत माझे दोन स्लॅब चालू होते, मी गेलो नाही. त्याची हळहळ मला आजही आहे. तुमच्याकडे जमीन असेल तर आज रात्रीच महाभूमीच्या संकेतस्थळावर जाऊन डिजिटल सहीचा सातबारा काढा. पंधरा रुपये लागतात. तो जुन्या कागदांशी ओळ न् ओळ ताडून बघा.

मी मूळचा बिगारी. दहावी नापास झालो आणि १९८४ साली सोळाव्या वर्षी घमेलं उचललं. चार वर्षांनी हातात थापी आली, ओळंबा धरायला शिकलो. पुढे मजुरीवर कामं घेऊ लागलो. १९९६ साली पहिलं पूर्ण घर अंगावर घेतलं, तेव्हा सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याने आणल्या तर हातात काहीच उरत नव्हतं. हिने पाटल्या काढून दिल्या. त्या पैशांतून प्लेटा आणि बल्ल्या आल्या. तिथून मी गवंड्याचा ठेकेदार झालो. आज आमच्या तालुक्याच्या गावात मी बांधलेली साठाच्या वर घरं आहेत. बाजाराच्या दिवशी मजुरांचे पैसे वाटायचे, तो सगळा हिशोब हिच्या वहीत. कुणाची उचल किती, कुणाचे खाडे किती, ते मला कधी बघावं लागलं नाही. प्लॉटच्या पैशात हिच्या दोन भिशा होत्या. मुलांच्या शिक्षणात मधली वर्षं गेली, म्हणून लोकांची घरं बांधता बांधता आमचं स्वतःचं मात्र चोपन्नाव्या वर्षी सुरू करायचं ठरलं. आणि तिथेच हिचं नाव गायब.

ओळखीच्या एकाने सोपा रस्ता सांगितला. "तुम्हीच मालक दिसताय ना, मग निम्म्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करा बायकोच्या नावाने. महिन्यात नाव लागेल." दुसरा म्हणाला, "कर्जापुरतं एका नावावर चालवा, नंतर बघू." दोघांचा हेतू चांगला होता. पण जे तिचंच आहे ते मी तिला बक्षीस कसं देऊ? बक्षीसपत्र म्हणजे ते आधी माझं एकट्याचं होतं, असं मी सही करून कबूल करायचं. ते मला करायचं नव्हतं. चूक दुरुस्त होऊनच नाव लागलं पाहिजे, हे त्याच दिवशी ठरवलं.

याची वाट महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करण्याचं ते कलम. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. सोबत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा, खरेदीची नोंद झाली त्या फेरफाराची, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीची नक्कल, चुकलेला संगणकीय सातबारा आणि हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्याची नक्कल. अर्जावर तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागवतात, संबंधितांना नोटीस काढतात, मग आदेश होतो. आदेशावरून नवा फेरफार धरला जातो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी अजून तलाठीच आहे.

अर्ज हिच्या नावाने करायला हवा होता. हे मला दुसऱ्या वेळी कळलं. पहिला अर्ज मी माझ्या नावाने दिला होता आणि "तुमचं नाव तर आहे, तुमची तक्रार काय?" असं ऐकून परत आलो. ज्याचं नाव गळलं आहे त्यानेच मागायला हवं. दुसरा अर्ज हिच्या सहीने, जुलैच्या शेवटी, पोच घेऊन दिला.

फेरफाराची नक्कल चार दिवसांत मिळाली. त्यात दोन्ही नावं स्वच्छ होती. मला वाटलं, झालं काम.

अडकलो जुन्या सातबाऱ्यावर. कारकून म्हणाले, फेरफारात नावं असली तरी ती सातबाऱ्यावर ओढली होती का, हे दिसायला हवं. तिथे दोन्ही नावं असतील तर ती संगणकाची चूक, म्हणजे कलम १५५. तिथेच एक नाव असेल तर प्रकरण वेगळं, मग प्रांतांकडे, म्हणजे तहसीलदारांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, अपील करा. नियम म्हणून त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही मानतो. म्हणजे सगळं एका पानावर आलं. ते पान मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. माझ्याकडची प्रत मात्र २०११ साली भाड्याच्या घरात पाणी शिरलं त्यात गेली होती.

नकलेसाठी अर्ज केला. अभिलेख कक्षातून उत्तर आलं: त्या गावाचं त्या सालांचं पुस्तक जागेवर नाही, तलाठ्यांकडे असेल. तलाठ्यांकडे गेलो. ते म्हणाले, माझ्या आधीच जमा केलं आहे, वर विचारा. त्यांच्याकडे आणखी दोन सजांचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांच्या गटांचा, कार्यभार होता. मंगळवारी इकडे, गुरुवारी तिकडे. आमच्या सजाच्या दिवशी मीटिंग निघाली की आठवडा गेला. वर विचारलं. वर म्हणाले, खालून लेखी आणा की इथे जमा केलं आहे. खाली म्हणाले, जमा केल्याची यादी आधीच्या तलाठ्यांनी केली, ते बदलून गेले. ऑगस्ट असाच गेला. सप्टेंबर गेला. मध्ये अहवाल गेला तो एका ओळीचा: हस्तलिखित सातबाऱ्याशी पडताळणी करता आली नाही. फाइल परत.

त्या कार्यालयाच्या पडवीत एक लाकडी बाक आहे. त्यावर मी किती सकाळी बसलो याची नोंद हिच्या वहीत आहे, कारण ज्या दिवशी मी साइटवर नसायचो त्या दिवशीची ती तशी लिहायची. सतरा दिवस. साइटवर स्लॅबला पाणी मारलं की नाही हे फोनवर विचारत मी तिथे बसलेला. माझ्या धंद्यात मिक्सर बंद पडला तर तासाभरात दुसरा आणावा लागतो, ओतलेलं काँक्रीट थांबत नाही. तिथे "पुढच्या आठवड्यात या" हे इतक्या शांतपणे सांगितलं जायचं की माझं डोकं तापायचं. एकदा मी आवाज चढवला. ती चूक झाली, त्यानंतर दहा दिवस कुणी नीट बोललं नाही. कितीही राग आला तरी तिथे आवाज चढवू नका. त्याऐवजी लिहा. दर वेळी काय कमी आहे ते लेखी मागा, आपलं म्हणणं लेखी द्या, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. त्या पुस्तकासाठी मी पहिले दोन महिने इकडून तिकडे तोंडीच हिंडलो आणि त्या हिंडण्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

दिवाळीच्या आधी बँकेने कळवलं की मंजुरीची मुदत संपते आहे. त्या रात्री ही म्हणाली, "अहो, राहू द्या. नाव नसलं म्हणून घर माझं नाही का?" तिने ते मला मोकळं करायला म्हटलं, हे मला समजत होतं. पण त्याने मी अधिकच अस्वस्थ झालो. सासूबाईंचं नाव त्यांच्या आयुष्यात कधी कुठल्या कागदावर आलं नाही, माझ्या आईचं आलं ते वडील गेल्यावर वारस म्हणून. हिचं नाव एकदा लागलं होतं, तेही कष्टाने. ते एका टंकलेखनात जावं आणि मी "राहू दे" म्हणावं, हे होणार नव्हतं.

मग आमच्या मुलीने माहितीच्या अधिकाराचं सुचवलं. २००५ चा कायदा, साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महत्त्वाची गोष्ट ही की त्यात नुसत्या प्रती मागता येतात असं नाही, अभिलेख प्रत्यक्ष बघायलाही मागता येतात. आम्ही तेच मागितलं: अमुक गावाच्या अमुक सालांच्या हस्तलिखित सातबारा पुस्तकांची प्रत्यक्ष तपासणी, आणि पुस्तक उपलब्ध नसेल तर ते जमा केल्याच्या यादीची प्रत. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं, तारीख आणि वेळ देऊन.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं गेलो. अभिलेख कक्षात लोखंडी रॅकवर गावागावांची दप्तरं लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेली असतात, प्रत्येकावर गावाच्या नावाची चिठ्ठी. आमच्या गावाचा रुमाल सोडला. पुस्तक नव्हतंच. शिपाई बांधायला लागले तेव्हा ही म्हणाली, "दादा, आमचं खुर्द आहे. बुद्रुकचा रुमाल सोडून बघता का?" आमच्या नदीच्या पलीकडे त्याच नावाचं बुद्रुक आहे. त्यांनी सोडला. चौथं पुस्तक आमचं होतं. खुर्दचं पुस्तक बुद्रुकच्या रुमालात किती वर्षं बांधलेलं होतं कोण जाणे.

पान उघडलं. निळ्या शाईत दोन ओळी. पहिली माझी, खाली हिची. मी काही बोललो नाही. शिपायांनी स्वतःहून पानाला चिठ्ठी लावली आणि त्याच आठवड्यात नक्कल मिळेल असं बघितलं. त्यांचे आभार मी तिथेही मानले, इथेही मानतो. इतके महिने त्या रॅकपाशी जाऊन बघायला कुणी तयार नव्हतं, आणि बघायला लागलं तेव्हा अर्धा तास पुरला.

पुढचं सगळं सरळ झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आदेश निघाला, मार्चमध्ये फेरफार मंजूर झाला. बांधकाम परवानगी मला रोजची, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. बँकेत मात्र सगळं नव्याने करावं लागलं. सहमालक असेल तर बँक त्याला सहकर्जदारही करते, तेव्हा दोघांचे कागद आधीपासून तयार ठेवा.

एक राहिलं. अर्जात, खरेदीखतात आणि आधारवर नावाचं स्पेलिंग, वडिलांचं की नवऱ्याचं नाव, सगळं एकसारखं आहे ना ते आधी बघा. हिच्या आधारवर आडनावात एक वेलांटी वेगळी होती, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आणि नकलेचा अर्ज करताना गावाच्या नावापुढे खुर्द किंवा बुद्रुक ठसठशीत लिहा.

डिजिटल सहीचा नवा सातबारा मुलीने मोबाइलवर काढला. हिने चष्मा लावून रकाना वाचला, मग आपल्या हिशोबाच्या वहीत तारीख टाकून लिहिलं: सातबारा, पंधरा रुपये. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर चुन्याने आखणी केली. दोरीचं एक टोक हिने धरलं होतं. स्वयंपाकघर पूर्वेला हवं म्हणून तिने मला पहिली आखणी पुसायला लावली.