कंपनीचा डेटा कंपनीतच मागताना : माझा अनुभव

मोठ्या घाऊक ग्राहकांना ठरावीक सवलत देण्याची आमच्या कंपनीतली पद्धत मी विभागाची सूत्रे हाती घेण्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. ती चालू ठेवायची, बदलायची की बंद करायची, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सवलत काढली तर मोठे ग्राहक निघून जातील असे विक्री विभागाचे ठाम मत होते, आणि हे ग्राहक आपल्याला तोट्यातच पडतात असे लेखा विभागाचे तितकेच ठाम मत होते. दोघांकडेही आठवणीतली दोन-तीन उदाहरणे होती आणि प्रत्येक बैठकीत ती त्याच आवेशाने सांगितली जात. खरे उत्तर कंपनीच्या संगणकांत पडून होते : कोणी काय घेतले, कोणत्या दराने घेतले, किती परत केले, पैसे कधी दिले. ते बाहेर काढताना सर्वाधिक वेळ गेला तो परवानगीत, आणि म्हणून या लेखातही तिलाच सर्वाधिक जागा मिळणार आहे.

प्रश्न ठरवण्याचा टप्पा त्या मानाने सहज पार पडला. परतावे (म्हणजे ग्राहकांनी परत केलेला माल), वाहतूक आणि उशिरा येणाऱ्या पैशांवरचे व्याज वजा जाता सवलतीच्या विक्रीवर उरणारा नफा बिनसवलतीच्या विक्रीपेक्षा कमी निघाला तर काय करायचे आणि जास्त निघाला तर काय करायचे, ही दोन्ही उत्तरे आकडे पाहण्याआधीच लिहून काढली आणि दोन्ही विभागप्रमुखांच्या त्यावर सह्या घेतल्या. आकडे समोर आल्यावर निकष ठरवायला बसले की प्रत्येकाला आपल्या सोयीचा निकष सापडतो.

त्यानंतर मी डेटा विभागाकडे मागणी केली आणि त्यांनी मला एक अर्ज पाठवला. अर्जात टेबलाचे, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्याचे, नाव, त्यातील रकान्यांची नावे, कालावधी, उद्दिष्ट आणि विभागप्रमुखाची मान्यता अशा जागा भरायच्या होत्या. कंपनीच्या डेटाबेसमध्ये कोणती टेबले आहेत हे डेटा विभागाबाहेर कोणालाही ठाऊक नसते, त्यामुळे मी ती जागा रिकामी ठेवून खाली सविस्तर वर्णन लिहिले. अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला. टेबलांची यादी कोठे मिळेल असे विचारले, तर ती डेटा शब्दकोशात, म्हणजे सर्व टेबलांच्या आणि रकान्यांच्या वर्णनाच्या सूचीत, आहे असे कळले. आणि डेटा शब्दकोश पाहण्याची परवानगी मिळवायची तर तोच अर्ज भरायचा, टेबलाच्या नावासह. हे मला सांगणाऱ्या व्यक्तीच्या स्वरात कोणतीही विसंगती जाणवल्याचा मागमूसही नव्हता.

पुढच्या खेपेस उद्दिष्टाच्या जागी मी ‘सवलतीच्या धोरणाचा आढावा’ असे लिहिले, तर उद्दिष्ट संदिग्ध आहे म्हणून अर्ज परत आला. उद्दिष्ट स्पष्ट केल्यावर अर्जदार आणि मान्यता देणारी व्यक्ती एकच आहे, म्हणून तो पुन्हा परत आला, कारण माझ्या विभागाची प्रमुख मीच होते. प्रत्येक वेळी एकच त्रुटी दाखवायची आणि उरलेल्या पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या, ही पद्धत ज्याने कोणी बसवली असेल त्याला कधी स्वतःचा अर्ज भरावा लागला नसणार, अशी माझी खात्री आहे. दरम्यान संचालक मंडळाची बैठक जवळ येत होती आणि सवलत मात्र रोज दिली जातच होती.

परवानगीच्या तत्त्वाला माझा विरोध नाही, हेही नमूद केले पाहिजे. ग्राहकांची माहिती कोणीही मागावी आणि कोणालाही मिळावी असे कोणत्याच जबाबदार कंपनीत चालणार नाही. युरोपीय संघाचे २५ मे २०१८ पासून लागू झालेले डेटा संरक्षण नियम तर स्पष्टच सांगतात की व्यक्तिगत माहिती ठरलेल्या उद्दिष्टासाठीच वापरावी आणि त्या उद्दिष्टाला लागते तेवढीच घ्यावी. परंतु मला नावे, पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही नको होते. ग्राहकाचा संकेतांक पुरेसा होता. त्या अर्जात ‘व्यक्तिगत माहिती हवी आहे काय’ हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्नच नव्हता, आणि ज्याचे उत्तर अर्जदाराला माहीत असणे शक्य नाही तो प्रश्न मात्र पहिल्या क्रमांकावर होता.

अखेर मी अर्ज बाजूला ठेवला आणि बिलिंगचे मासिक अहवाल तयार करणाऱ्या अभियंत्याला गाठले. त्याच्यासमोर एका कागदावर मला हव्या असलेल्या उत्तराचा रिकामा तक्ता आखला : आडव्या ओळींत उत्पादनगट, उभ्या रकान्यांत सवलतीची आणि बिनसवलतीची विक्री, आणि प्रत्येकाखाली परतावे, वाहतूक व पैसे येण्यास लागलेले दिवस. तो कागद पाहून तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला विक्रीचं टेबल नकोच आहे. तुम्हाला बीजकाच्या ओळी आणि क्रेडिट नोटा हव्या आहेत.” क्रेडिट नोट म्हणजे परत आलेल्या मालापोटी ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा केल्याची नोंद. त्याने त्याच कागदावर टेबलांची आणि रकान्यांची नावे लिहून दिली. ज्यांच्या नोंदी मागायच्या त्या लेखा विभागाच्या प्रमुखांची मान्यता मी आधीच घेतली, कारण डेटा विभाग हा माहितीचा केवळ रखवालदार असतो, मालक नव्हे. मालकाची सही असली की रखवालदाराचे आक्षेप आपोआप कमी होतात. तोच अर्ज, त्याच जागा, आणि या वेळी तो विनातक्रार मंजूर झाला. मला झालेला आनंद मंजुरीच्या मानाने जरा जास्तच होता, हे मान्य करते.

येथे एक सूचना. एकदाच काढलेली फाइल मागू नये. केवळ वाचण्यापुरता कायमचा प्रवेश मागावा. फाइल मागितली की पुढच्या तिमाहीत हे सारे पुन्हा करावे लागते.

आकडे हाती आल्यावर पहिले काम ताळमेळाचे होते. विक्री विभागाची एकूण रक्कम, गोदामाची रक्कम आणि लेखा विभागाची रक्कम एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि कोणीही खोटे बोलत नव्हते. विक्री विभाग मागणी नोंदवली त्या दिवशी विक्री धरतो, गोदाम माल निघाला त्या दिवशी, आणि लेखा विभाग मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाचा रोखही तोच आहे. नफ्याचा प्रश्न असल्याने आम्ही लेखा विभागाची व्याख्या स्वीकारली. मात्र ती कोणती आहे हे प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर लिहिले, नाहीतर पुढच्या बैठकीत त्याच वादाला पुन्हा तोंड फुटते.

एक्सेलबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. शून्याने सुरू होणारे संकेतांक ते अंक समजून उघडते आणि सुरुवातीची शून्ये गाळते, त्यामुळे एकाच ग्राहकाच्या दोन ठिकाणच्या नोंदी जुळत नाहीत; तो रकाना मजकूर म्हणूनच आयात करावा. दुसरी गोष्ट ओळींची. एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि जुन्या एक्सएलएस स्वरूपात केवळ ६५,५३६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून कोविडचे सुमारे १६,००० रुग्ण मोजणीतून निसटले, ते याच जुन्या स्वरूपाच्या मर्यादेमुळे. म्हणून फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजाव्यात आणि एकूण रक्कमही जुळवून पाहावी.

विश्लेषणाचा पहिला निकाल विक्री विभागाच्या बाजूने लागला : सवलतीच्या विक्रीवरील सरासरी नफा बिनसवलतीच्या विक्रीपेक्षा जास्त दिसत होता. बैठक तेथेच संपली असती, परंतु रिकाम्या तक्त्यात उत्पादनगटांच्या ओळी आम्ही आधीच आखलेल्या होत्या आणि त्या भरल्यावर प्रत्येक गटात सवलतीच्या विक्रीवरचा नफा कमीच निघाला. मोठे ग्राहक मुळातच जास्त नफ्याची उत्पादने अधिक घेत होते, आणि त्या मिश्रणामुळे एकूण सरासरी वर उचलली जात होती. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पदव्युत्तर प्रवेशांतही असेच दिसले होते : एकूणात पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के अर्जदार निवडले गेले, पण विभागवार पाहता स्त्रियांविरुद्धचा तसा कल आढळला नाही, कारण निवडीचे प्रमाण मुळातच कमी असलेल्या विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. हे उदाहरण मी बैठकीत सांगितले तेव्हा विक्री विभागाच्या प्रमुखांनी तक्ता स्वतःकडे ओढून घेतला आणि एकेक गट तपासला. सह्या आधीच झालेल्या असल्याने निकषावर वाद झाला नाही. ज्या गटांत फरक मोठा होता तेथील सवलत बंद झाली आणि इतरत्र ती मुदतीत पैसे देणाऱ्यांपुरती राहिली.

त्यानंतर दर महिन्याला परताव्यांचे प्रमाण पाहायचे ठरले. आकडा थोडा वर-खाली झाला की स्पष्टीकरण मागण्याची वरिष्ठांची सवय येथे फार महाग पडते, म्हणून अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख वापरला : मध्यरेषा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर सीमा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचे माप). आकडा या सीमांच्या आत असेल आणि सलग एकाच बाजूला सरकत नसेल, तर कोणाला बोलावायचे नाही.

एक अडचण मात्र लवकरच उद्भवली. परतावे विक्री विभागाच्या मूल्यमापनात धरले जाऊ लागताच महिनाअखेरीस आलेला माल पुढच्या महिन्यात नोंदवला जाऊ लागला. मोजमापाचे लक्ष्य झाले की मोजमाप बिघडते, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात सांगितले होते, ते आमच्या गोदामातही खरे ठरले. तेव्हापासून परताव्याची तारीख म्हणून नोंदीची तारीख न घेता गोदामाच्या दारावर माल उतरल्याची तारीख घेतली जाते, आणि ती नोंद विक्री विभागाच्या हातात नाही.