दीड इंचाची हौस आणि राजमाचीची वाट

डिसेंबरातला रविवार. पुण्याहून साडेपाचला निघून जुन्या हायवेने लोणावळा, तिथून तुंगार्ली धरणावरून राजमाची किल्ल्याजवळचं गाव, उधेवाडी. शेवटचे 16 किलोमीटर म्हणजे दोन तास धरा. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका.

आमची गाडी सेकंडहँड, चारही चाकांना एअर सस्पेंशन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी बलून. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या रॉडची लांबी बदलली की कंट्रोलरला वाटतं गाडी खाली बसलीय, मग तो बलूनमध्ये आणखी हवा भरतो. भोसरीच्या एका लेथवाल्याने ॲडजस्टेबल रॉड करून दिले आणि गाडी दीड इंच उचलली. स्वस्तात काम झालं म्हणून मी जाम खूश.

वळवंडच्या पुढे दगडांच्या पायऱ्यांवर खुशी उतरली. गाडी उचलल्यामुळे शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारा दांडा) आधीच ताणलेला, त्यामुळे खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागाच नाही. गाडीचं पोट दगडांना लागलं नाही, पण मागचं चाक हवेत भिरभिरतंय. शिवाय सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढल्याने वळताना टकटक.

मग डाव्या मागच्या बाजूने फुस्स! तो कोपरा टेकलाच. गुरं घेऊन चाललेले एक बाबा थांबून म्हणाले, “म्हशीवानी बसली की वो!”

चूक माझीच. हवा बाहेरून भरता यावी म्हणून बलूनच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह जोडताना मी पाइप तिरका कापला होता. साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसले. इंजिन आणि सस्पेंशन बंद, चाकांना दगड, गाडीखाली लाकडी ओंडका. पाइप नव्या ब्लेडने काटकोनात कापून फिटिंगमध्ये शेवटपर्यंत दाबला, टायरच्या पंपाने बलून भरला. हा व्हॉल्व्ह मात्र प्रत्येक बलूनला जरूर बसवा. गाडीतला हवा भरणारा कंप्रेसर बिघडला तरी घरी पोचता येतं. जॅक लावतानाही सस्पेंशन आधी बंद करा, नाहीतर गाडी लेव्हल व्हायला जाते आणि हात खाली असतो आपला. उंची कायमची वाढवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याची पॉलिसी आधी वाचा.

उधेवाडीत पिठलं-भाकरी होईपर्यंत मूळ रॉड परत चढवले, सुदैवाने डिकीत होते. येताना कंपनीच्या ऑफ-रोड हाइटवर उतरलो. पोट दोनदा घासलं. चाक एकदाही लोंबकळलं नाही.